कॉलेज बदलताना सॅटचे गुण: पाठवायचे का, कधी आणि कसे

फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमधल्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. मूल कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) आहे, किंवा कुठल्यातरी विद्यापीठात पहिलं सेमिस्टर काढून कंटाळलंय, आणि १ मार्चची ट्रान्सफरची मुदत तोंडावर आलीय. "बारावीत दिलेल्या सॅटचा स्कोअर पाठवायचा ना ताई?" प्रश्नात 'ना' असतोच, म्हणजे कार्ड हातात घेऊन पैसे भरायची तयारी झालेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: थांबा, आधी क्रेडिटं (प्रत्येक पूर्ण केलेल्या कोर्सला मिळणारी एककं) मोजा.

क्रेडिटं मोजायची ती अशी

हायस्कूलमधून थेट प्रवेश घेताना सॅट किंवा अ‍ॅक्ट या प्रवेशपरीक्षांचे गुण कशासाठी बघतात? या मुलाला कॉलेजचा अभ्यास झेपेल का, याचा अंदाज बांधायला. पण जो आधीच कॉलेजात बसून कॅल्क्युलस आणि इंग्रजी कंपोझिशन पास झालाय, त्याच्या बाबतीत अंदाज कशाला हवा? त्याची कॉलेजची गुणपत्रिकाच समोर असते. म्हणून क्रेडिटं जितकी जास्त, तितकी सॅटची किंमत कमी. हे एक सूत्र कळलं की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप मिटतात.

एका सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिटं धरा. वर्षाची ३०, दोन वर्षांची ६०. आता गंमत अशी, की पहिल्या वर्षी असतानाच जो ट्रान्सफरचा अर्ज करतो त्याच्या हातात मार्चमध्ये एकाच सेमिस्टरचे ग्रेड असतात. बाकीची क्रेडिटं 'चालू' या खात्यात. अशा मुलाकडे प्रवेश समिती जवळजवळ नव्या विद्यार्थ्यासारखंच बघते. हायस्कूलची गुणपत्रिका मागते, आणि कित्येकदा सॅटही. दोन वर्षं पूर्ण करून जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी कुणी विचारतही नाही.

मोजताना दोन चुका होतात. पहिली, एपीची (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजस्तराच्या परीक्षांची) क्रेडिटं यात धरणं. हायस्कूलमध्ये असताना कमावलेली क्रेडिटं या हिशोबात बरीच कॉलेजं धरत नाहीत. दुसरी, सोडून दिलेले किंवा नापास झालेले कोर्स मोजणं. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, पुढ्यात घ्या आणि पेन्सिलने फक्त पूर्ण झालेल्या, ग्रेड मिळालेल्या कोर्सेसवर खूण करा. जो आकडा येईल तो एका कोपऱ्यात लिहून ठेवा. तो पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

नियम कुठे वाचायचा

व्हॉट्सअ‍ॅपवर तर नक्कीच नाही. गेल्या काही वर्षांत सॅट परत आणणाऱ्या कॉलेजांच्या बातम्या सतत फिरत असतात. एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली. डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये एकापाठोपाठ एक तसंच जाहीर केलं. (येलने थोडी सूट ठेवली, सॅट-अ‍ॅक्टऐवजी एपी किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे गुणही चालतात.) बातम्या खऱ्या आहेत, पण त्या मुख्यतः प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या. ट्रान्सफरचा नियम त्याच कॉलेजच्या दुसऱ्या पानावर असतो आणि तो वेगळा असू शकतो. 'ट्रान्सफर अ‍ॅप्लिकंट्स' असं डोक्यावर लिहिलेलं पान उघडा, आणि ते याच वर्षाचं आहे ना हे बघा.

त्या पानावरची भाषा गुळमुळीत असेल तर माझा एक हुकमी उपाय आहे. जवळपास प्रत्येक विद्यापीठ दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा दस्तऐवज काढतं. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधलं की पीडीएफ मिळते. त्यातला डी विभाग पूर्णपणे ट्रान्सफरचा. डी-२ मध्ये किती जणांनी अर्ज केले आणि किती जणांना घेतलं ते दिसतं. डी-४ मध्ये किमान किती क्रेडिटं हवीत, म्हणजे त्याखाली असाल तर तुम्हाला नवा विद्यार्थी म्हणूनच अर्ज करावा लागेल. आणि डी-५ मध्ये एक तक्ता आहे: हायस्कूल ट्रान्स्क्रिप्ट, कॉलेज ट्रान्स्क्रिप्ट, निबंध, मुलाखत, प्रमाणित चाचणीचे गुण. प्रत्येकासमोर सगळ्यांना आवश्यक, काहींना आवश्यक, शिफारस, किंवा आवश्यक नाही, अशा रकान्यांपैकी एकात फुली. मघाशी कोपऱ्यात लिहिलेला आकडा डी-४ शेजारी धरा आणि मग डी-५ वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. 'काहींना आवश्यक' वर फुली असेल तर ते 'काही' कोण, हे ईमेल करून विचारायचं. उत्तर लेखी मिळालं की जपून ठेवायचं.

राज्याराज्यांत किती फरक पडतो बघा. कॅलिफोर्नियात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, दोन्ही सरकारी व्यवस्था प्रवेशासाठी सॅटकडे बघतच नाहीत. १६०० पैकी १६०० असले तरी प्रवेशाचा निर्णय घेताना ते विचारात घेतले जात नाहीत. फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांत ६० क्रेडिटं ही सीमारेषा. त्याच्या आत असाल तर प्रथम वर्षाचे नियम लागतात आणि त्यात परीक्षेचे गुण आले. तिथल्याच सरकारी कॉलेजातून एए ही दोन वर्षांची पदवी पूर्ण करून आलात तर चित्र पूर्ण बदलतं. टेक्सासची एक वेगळीच गोम आहे. प्रवेशाला सॅट मागितली नाही तरी राज्याच्या सरकारी कॉलेजांत 'टीएसआय' नावाची तयारीची अट पूर्ण असावी लागते, आणि सॅट-अ‍ॅक्टचे ठरावीक गुण असतील तर त्या अटीतून सूट मिळते. ही सूट परीक्षेच्या तारखेपासून पाच वर्षं चालते. म्हणजे प्रवेशाला निरुपयोगी ठरलेला स्कोअर तिथे नोंदणीच्या वेळी कामी येऊ शकतो.

आमच्या न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यानंतर कम्युनिटी कॉलेजातून एए किंवा एएस (विज्ञान शाखेची तशीच) पदवी घेतलेल्याची क्रेडिटं राज्याच्या सरकारी विद्यापीठात पूर्ण धरावी लागतात. त्या वाटेने रटगर्सला जाणाऱ्या मुलाच्या आईने सॅटची काळजी करणं म्हणजे दिवाळी झाल्यावर फटाके आणायला जाणं. एकच सावधगिरी: कायदा क्रेडिटांची हमी देतो, हव्या त्या शाखेत प्रवेशाची नाही.

'ऐच्छिक' म्हटलंय, मग पाठवायचे का?

इथे मत लागतं, आणि माझं मत पक्कं आहे. त्याच कॉमन डेटा सेटच्या सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्या नव्या विद्यार्थ्यांचे २५ वे, ५० वे आणि ७५ वे पर्सेंटाइल गुण दिलेले असतात. तुमचा आकडा मधल्या आकड्याच्या वर असेल आणि हातात एकच सेमिस्टरचे ग्रेड असतील, तर पाठवा. खालच्या आकड्याच्याही खाली असेल तर गप्प बसा. मधल्या पट्ट्यात असाल आणि ४५ क्रेडिटं ३.८ जीपीएने (४ पैकी ग्रेडच्या सरासरीने) केली असतील, तर पाठवून काही वाढत नाही.

आणि उलट बाजू. पहिल्या सेमिस्टरला २.४ जीपीए आलाय आणि सॅट १५२० आहे, तर पालकांना वाटतं सॅट बाजू सावरेल. नाही सावरत. उलट वाचणाऱ्याच्या मनात येतं की डोकं आहे पण अभ्यास केला नाही. अशा वेळी निबंधात ग्रेडचं कारण सरळ सांगणं आणि दुसऱ्या सेमिस्टरचे मिडटर्म ग्रेड चांगले आणणं जास्त उपयोगी.

कॉलेजात असताना सॅट नव्याने द्यावी का? जिथे जायचंय तिथे सक्तीची असेल आणि आधी कधीच दिली नसेल, तरच. शंभरेक गुण वाढवायला दोन महिने घालवून चालू सेमिस्टरचे ग्रेड पाडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तारखांचा सापळाही लक्षात घ्या. सॅट डिसेंबरनंतर थेट मार्चमध्ये असते. १ मार्चच्या मुदतीसाठी डिसेंबरची संधी शेवटची. अ‍ॅक्ट फेब्रुवारीत असते खरी, पण निकाल मुदतीआधी कॉलेजात पोचेल याची खात्री नाही.

पाठवण्याआधी खातं उघडून बघा

इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचं खातं दहावी-अकरावीत उघडलेलं असतं आणि त्याला ईमेल दिलेला असतो शाळेचा. ग्रॅज्युएशननंतर शाळा तो ईमेल बंद करते. आता पासवर्ड आठवत नाही, नवा मागवला तर तो बंद पडलेल्या पत्त्यावर जातो, आणि मुदतीला सहा दिवस. वैतागून नवं खातं उघडलं तर त्यात जुना स्कोअर नसतो. तेव्हा आज, आत्ता, लॉगिन करून बघा. चालत असेल तर ईमेल बदलून स्वतःचा टाका. चालत नसेल तर नवं खातं न उघडता कॉलेज बोर्डाला फोन करा आणि जुन्या नोंदीची ओळख पटवा. हायस्कूल अजून सुरू असलेलं धाकटं भावंड घरात असेल तर त्याचाही ईमेल आजच बदलून टाका.

परीक्षा देऊन बरीच वर्षं झाली असतील, म्हणजे मध्ये नोकरी करून परत शिकायला निघाला असाल, तर तुमचे गुण जुन्या दप्तरात गेलेले असतात. ते मागवायला वेगळं शुल्क आणि जास्त वेळ लागतो. पाच वर्षांहून जुन्या गुणांबरोबर कॉलेज बोर्ड एक टीपही जोडतो, की हे आजच्या क्षमतेचं तितकंसं विश्वासार्ह माप नाही. अशी चिठ्ठी लावून येणारा स्कोअर ऐच्छिक असताना पाठवू नये, असं मला वाटतं.

प्रत्यक्ष पाठवणं

आधी बघा, कॉलेजला अधिकृत गुणपत्र हवंय की स्वतः भरलेले गुण चालतात. कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जाच्या, ट्रान्सफर विभागात शैक्षणिक इतिहासाच्या भागात प्रमाणित चाचण्यांचा रकाना असतो. अनेक कॉलेजं तिथे भरलेल्या आकड्यावर निर्णय घेतात आणि प्रवेश पक्का झाल्यावरच अधिकृत प्रत मागतात. असं असेल तर दहा कॉलेजांना पैसे भरून पाठवायची गरजच नाही, शेवटी एकालाच पाठवायचं. मात्र आकडा तंतोतंत भरा. नंतर ताडून बघतात, आणि दहा गुणांचा फरक निघाला तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

अधिकृत हवं असेल तर कॉलेज बोर्डाच्या खात्यात जाऊन कॉलेजचं नाव किंवा चार आकडी कोड टाकायचा. सॅट आणि अ‍ॅक्टचे कोड वेगळे असतात. हार्वर्डचा सॅटसाठी ३४३४ आणि अ‍ॅक्टसाठी १८४०. एका विद्यापीठाचे तीन-चार कॅम्पस असतील तर कोडही वेगळे असू शकतात, म्हणून यादीत दिसलेलं पहिलं नाव दाबू नका, शहर वाचा. परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत निवडलेल्या चार कॉलेजांना सॅटचे गुण फुकट जातात. ट्रान्सफरवाल्याची ती मुदत केव्हाच उलटलेली असते, त्यामुळे दर कॉलेजामागे साधारण १५ डॉलर धरा. अ‍ॅक्टला थोडे जास्त.

तारखांमधून निवड करता येते, म्हणजे तीनदा सॅट दिली असेल तर चांगली एकच पाठवता येते. अपवाद आहेत. जॉर्जटाउनसारखं विद्यापीठ जितक्या वेळा परीक्षा दिली त्या सगळ्या वेळचे गुण मागतं. एका दिवसातलं फक्त गणित आणि दुसऱ्या दिवसातलं फक्त वाचन असं तोडून मात्र पाठवता येत नाही. पूर्ण दिवसच पाठवायचा, जोड कॉलेज स्वतः लावतं.

मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी पाठवा. 'पाठवलं' आणि 'पोचलं' यात अंतर असतं, आणि 'पोचलं' आणि 'अर्जाला जुळलं' यात त्याहून मोठं.

पोर्टलवरचं 'अवेटिंग'

माझ्या भाच्याचं सांगते. पुण्याहून बारावी करून इथे कम्युनिटी कॉलेजात आला, वर्षभराने चार ठिकाणी अर्ज केले. गुण पाठवल्याची पावती होती. तीन कॉलेजांच्या पोर्टलवर हिरवी खूण आली, चौथ्यावर तीन आठवडे 'अवेटिंग', म्हणजे गुण अजून आलेले नाहीत. कॉलेज बोर्ड म्हणे, आम्ही कधीच पाठवलंय. प्रवेश कार्यालय म्हणे, आमच्याकडे नाही. रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून बसलो तेव्हा सापडलं. सॅटच्या खात्यात जन्मतारीख ७ एप्रिल होती. अर्जात त्याने आपल्या सवयीने ०७/०४ लिहिलं होतं, आणि इथे महिना आधी येत असल्याने ती झाली ४ जुलै. त्यात अर्जात मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव होतं, सॅटच्या नोंदणीत ते नव्हतंच. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी मुलं होती.

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी दोन नावं एकत्र. इथल्या अर्जात पहिलं, मधलं, शेवटचं असे तीन रकाने. एकच नियम ठेवा: सगळीकडे पासपोर्टप्रमाणे. आधीच घोळ झालेला असेल तर अर्ज क्रमांक, गुण पाठवल्याचा ऑर्डर क्रमांक, दोन्हीकडचं नाव जसं आहे तसं आणि जन्मतारीख महिना अक्षरात लिहून प्रवेश कार्यालयाला एक छोटा ईमेल करा. भाच्याचं काम अशा चार ओळींच्या ईमेलवर दोन दिवसांत झालं. फोनवर आम्ही त्याआधी आठवडा घालवला होता.

ज्याचा विसर पडतो ते: एपी

खरं सांगायचं तर ट्रान्सफरवाल्याला सॅटपेक्षा एपीच्या गुणांची जास्त किंमत असते, कारण त्यातून प्रत्यक्ष क्रेडिटं, म्हणजे फीचे पैसे वाचतात. आणि नेमकं तेच पाठवायचं राहतं. समज असा, की पहिल्या कॉलेजने एपी कॅल्क्युलसची क्रेडिटं दिली आहेत, ट्रान्स्क्रिप्टवर छापलीत, म्हणजे झालं. नवं कॉलेज बहुधा ते मानत नाही. त्याला कॉलेज बोर्डाकडून थेट आलेले एपीचे गुण हवे असतात आणि ते स्वतःच्या तक्त्याने पुन्हा हिशोब करतं. पहिल्या ठिकाणी ३ ला क्रेडिट मिळालं असेल, दुसरीकडे ४ किंवा ५ लागू शकतात. एपीची मागणी सॅटपेक्षा वेगळी करावी लागते आणि शुल्कही वेगळं पडतं. प्रवेश मिळाल्यावर, कोर्सेस निवडायच्या आधी हे उरका, नाहीतर पास झालेलाच विषय पुन्हा पैसे भरून शिकायची वेळ येते.

भारतातल्या कॉलेजातून थेट येत असाल तर

मुंबई किंवा पुण्यात इंजिनिअरिंगचं एखादं वर्ष करून अमेरिकेत ट्रान्सफर घेणारे आता बरेच भेटतात. जेईई किंवा एमएचटी-सीईटीचे गुण सॅटच्या रकान्यात भरू नका, तो रकाना रिकामा सोडलेला परवडतो. सॅट सक्तीची असेल तर ती भारतात देता येते. परीक्षा आता पूर्णपणे लॅपटॉप किंवा टॅबवर होते आणि वर्षातून अनेक तारखा असतात.

इंग्रजीची परीक्षा हा वेगळा विषय आहे आणि तिथे सवलत कमी. टोफेल, आयईएलटीएस आणि ड्युओलिंगो, तिन्हींचे गुण दोन वर्षं वैध. पहिल्या प्रवेशाच्या वेळी दिलेली टोफेल ट्रान्सफरच्या वेळी शिळी झालेली असू शकते. पण नवी परीक्षा द्यायच्या आधी विचारा: अमेरिकेत कॉलेजस्तरावरचे इंग्रजी कंपोझिशनचे कोर्स चांगल्या ग्रेडने झाले असतील तर कित्येक ठिकाणी ती माफ होते. टोफेल द्यायचीच झाली तर २०२६ च्या जानेवारीपासून तिचं मोजमाप १२० वरून १ ते ६ असं झालंय. तेव्हापासून दोन वर्षं गुणपत्रावर जुन्या पट्टीतला आकडाही सोबत मिळतो, तेव्हा कॉलेजने '१०० हवेत' लिहिलेलं वाचून दचकू नका. ड्युओलिंगोचे गुण कितीही कॉलेजांना फुकट पाठवता येतात, त्यामुळे चालत असेल तिथे मी तीच सुचवते.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर 'ट्रान्सफर' हा शब्द दोनदा ऐकू येईल. एक प्रवेशाचा, दुसरा सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचा. दुसऱ्याचा गुणांशी काही संबंध नाही, तो प्रवेश मिळाल्यावर सध्याच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातून करायचा असतो.

पावत्या मात्र फेकू नका. सॅट, एपी, टोफेल, सगळ्यांच्या ऑर्डर क्रमांकांचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि नव्या कॉलेजने क्रेडिटांचा अंतिम हिशोब पोर्टलवर चढवेपर्यंत राहू द्या. तो हिशोब कधीकधी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, वर्ग सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी.